फुटबॉल आणि हवामानबदल : सामनावीराला रोप, की तिकिटावर बसचा प्रवास?

शेवटची_शिट्टी (धागाकर्ता)

जिल्हा पातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत हवामानबदलाचा विषय घ्यायचं ठरलं की तीन गोष्टी हमखास होतात. सामनावीराला रोप देतात, मैदानाभोवती फलक लागतात आणि नाणेफेकीआधी सगळ्यांना शपथ देतात. दुसऱ्या दिवशी यातलं काय उरतं, हे कुणी तपासत नाही. युरोपातले क्लब गेली दहा-पंधरा वर्षं बरंच काही करून बघतायत.

माझा प्रश्न असा : फुटबॉलमुळे हजारो माणसांचं वागणं खरोखर बदलतं का? बदलत असेल तर नेमकं कशामुळे? आणि ८ संघ, रोजचे २-३ हजार प्रेक्षक अशा आपल्याकडच्या स्पर्धेला त्यातलं काय उचलता येईल? शक्यतो आकड्यांसकट लिहा.

डावा_विंगर

सुरुवात फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सपासून करावी लागेल. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधल्या नेल्सवर्थ या छोट्या गावचा क्लब. २०१० मध्ये अक्षय ऊर्जेच्या धंद्यातले डेल विन्स तिथे आले. छपरावर सौरपट्ट्या बसल्या, गवत कापायला आपोआप फिरणारं यंत्र आलं, मैदानाला रासायनिक खत बंद झालं, खाली झिरपणारं पाणी गोळा करून पुन्हा वापरायला सुरुवात झाली. २०१५ पासून स्टेडियमवर खेळाडू आणि प्रेक्षक दोघांसाठीही पूर्ण वीगन जेवण, म्हणजे मांस तर नाहीच, दूध-अंडीही नाहीत. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागाने त्यांना कार्बन-तटस्थ (जेवढं उत्सर्जन तेवढं भरून काढणारा) म्हणून प्रमाणित केलं.

मला यातली जेवणाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मांस कमी खा' असं कुणाला सांगत बसले नाहीत. खिडकीवर जे मिळतं ते चविष्ट ठेवलं आणि दुसरा पर्यायच ठेवला नाही. शपथ आणि हे, यातला फरक तिथेच कळतो.

ऑफसाइड

पण तो क्लब २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं खालच्या विभागात घसरला ना? विरोधी समर्थकांना आयतं कोलीत! :)

डावा_विंगर

@ऑफसाइड, घसरला, बरोबर. पण २०१७ मध्ये इतिहासात प्रथमच लीग फुटबॉलमध्ये (इंग्लंडच्या वरच्या चार विभागांत) आणि २०२२ मध्ये तिसऱ्या स्तरावर चढला तोही याच जेवणावर. दोन्हींचा संबंध जोडू नये.

शंकासूर

एका गावच्या क्लबचं कौतुक करताना वरच्या मजल्यावर काय चाललंय तेही बघा. कतारचा २०२२ चा विश्वचषक 'कार्बन-तटस्थ' म्हणून जाहीर झाला. आयोजकांचाच अंदाज सुमारे ३६ लाख टन उत्सर्जनाचा होता. नवी स्टेडियम्स बांधताना झालेलं उत्सर्जन त्यांच्या कित्येक दशकांच्या आयुष्यावर पसरवलं आणि स्पर्धेच्या वाट्याला थोडेच दिवस लावले, म्हणून तेवढं दिसलं. उरलेलं कार्बन क्रेडिट घेऊन, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी केलेली कपात विकत घेऊन, भरून काढू म्हणाले. फिफाचं मुख्यालय झ्युरिकमध्ये असल्यामुळे पाच देशांतल्या तक्रारी स्वित्झर्लंडच्या जाहिरात-नियामक आयोगाकडे गेल्या. जून २०२३ मध्ये त्या आयोगाने हा दावा खोटा आणि दिशाभूल करणारा ठरवला.

पुढचं बघा. २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा, तीन देशांतल्या १६ शहरांत. २०३० चा तीन खंडांत. चॅम्पियन्स लीग २०२४-२५ पासून १२५ सामन्यांवरून १८९ वर गेली. एप्रिल २०२४ मध्ये फिफाने सौदी तेल कंपनी अरामकोशी प्रायोजकत्वाचा करार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १०० हून जास्त महिला खेळाडूंनी तो मोडा म्हणून पत्र लिहिलं. जो खेळ स्वतःचं वेळापत्रक फुगवतो, त्याने प्रेक्षकांना दिवे बंद करायला सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

ब्रेमेनवासी

शंकासूर यांचा मुद्दा मान्य. तरी जर्मनीतलं एक उदाहरण इथे हवंच. बुंदेसलीगाच्या (तिथल्या अव्वल लीगच्या) बहुतेक मैदानांचं तिकीट हेच सामन्याच्या दिवशीचं शहर-वाहतुकीचं तिकीट असतं. क्लब वाहतूक संस्थेला प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम देतो. ती तिकिटाच्या किमतीतच असते, त्यामुळे गाडीने येणाराही ती भरतो. पैसे भरलेच आहेत तर ट्रामने जाऊ, असं माणूस आपसूक म्हणतो.

२०२४ च्या युरो स्पर्धेत हेच मोठ्या प्रमाणावर केलं. सामन्याच्या दिवशी सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत, असा ३६ तासांचा स्थानिक प्रवास तिकिटावर मोफत होता आणि लांबच्या रेल्वेला सवलत होती. दहाही स्टेडियम जुनीच वापरली. गटातले सामने जवळजवळच्या शहरांत ठेवले. शिवाय टाळता न येणाऱ्या प्रत्येक टनामागे २५ युरो बाजूला काढून सुमारे ७० लाख युरोंचा निधी जर्मनीतल्या हौशी क्लबांना दिला. दिवे बदलायला, सौरपट्ट्या बसवायला, पाणी वाचवायला. क्रेडिट विकत घेण्यापेक्षा हे मला कितीतरी प्रामाणिक वाटतं, कारण काम कुठे झालं ते डोळ्यांनी बघता येतं.

बिघडलं कुठे, तर रेल्वेत. गाड्यांना इतका उशीर व्हायचा की स्पर्धेचे संचालक फिलिप लाम स्वतः एका सामन्याला वेळेवर पोचू शकले नाहीत. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी नेदरलँड्सच्या संघाची रेल्वे रद्द झाली आणि त्यांना विमानाने डॉर्टमुंडला जावं लागलं. लोकांना सवय लावायची तर सेवा चोख हवी. एकदा का रात्री फलाटावर अडकून पडले, की पुढच्या वेळी ते गाडीच काढतात.

आणि हो, २०२३-२४ पासून बुंदेसलीगाने पर्यावरणाचे निकष थेट क्लबच्या परवान्याला जोडलेत. म्हणजे ऐच्छिक काही उरलं नाही.

मडगावकर

ब्रेमेनवासींचं रात्री फलाटावर अडकण्याचं वाक्य गोव्याला तंतोतंत लागू पडतं. फातोर्ड्याला रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो, संपेपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ. त्या वेळेला सासष्टीतल्या गावांकडे जाणाऱ्या खासगी बसगाड्या बहुतेक मार्गांवर बंद झालेल्या असतात. तिकिटावर बस फुकट दिलीत तरी येताना चालेल, जाताना काय? माणूस परतीचा विचार करून घरातून निघतो. म्हणून सामना साडेपाचला ठेवणं हा सर्वांत स्वस्त हवामान-उपाय आहे, पण प्रक्षेपणाची वेळ आड येते.

कोचीत बघा. मेट्रोचं स्थानक स्टेडियमला लागूनच आहे आणि केरला ब्लास्टर्स या क्लबच्या सामन्याच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत चालवतात. तिथे पिवळ्या जर्सीचा लोंढा थेट फलाटावर जातो.

किलोवॅट

दिव्यांचा हिशोब मांडतो, कारण आयोजकांना पहिल्यांदा तेच सुचतं.

चार खांब, प्रत्येकी ६ मेटल हॅलाइड दिवे, एकेक २ किलोवॅटचा. २४ दिवे म्हणजे ४८ किलोवॅट, चोकचे १० टक्के धरून सुमारे ५३. तीन तास जळले तर १५९ युनिट. तेवढाच उजेड देणारे एलईडी साधारण १.१ किलोवॅटचे, म्हणजे २६-२७ किलोवॅट आणि तीन तासांत ८० युनिट. बचत ८० युनिटांची. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे सामन्यामागे ५६ किलो.

खरा फायदा वेगळाच आहे. मेटल हॅलाइड विझला की गार होऊन पूर्ण उजेडावर यायला १०-१५ मिनिटं लागतात, म्हणून आयोजक तो सामन्याच्या तासभर आधी लावतात आणि प्रेक्षक जाईपर्यंत चालू ठेवतात. एलईडी क्षणात लागतो, सरावाला निम्म्यावर आणता येतो. बदलताना फक्त दिवा बदलू नका, झोताचा कोनही पुन्हा लावून घ्या. नाहीतर गोलरक्षकाच्या डोळ्यांवर चमक येते, तक्रारी होतात आणि जुने दिवे परत चढतात.

ताळेबंद

किलोवॅट यांच्या ५६ किलोंशेजारी प्रवासाचा आकडा ठेवू. उदाहरणादाखल ३ हजार प्रेक्षक धरा. १२०० चालत आले. १५०० दुचाकीवर, डबलसीट, म्हणजे ७५० गाड्या, जाऊन-येऊन १६ किलोमीटर. लिटरला ४५ चा सरासरी पल्ला धरला तर २६७ लिटर पेट्रोल. उरलेले ३०० जण १०० मोटारींतून, जाऊन-येऊन ४० किलोमीटर, लिटरला १५. तेही २६७ लिटर. पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो धरा : दोन्हींचे मिळून १२२५ किलोंच्या वर.

म्हणजे मोटारीने आलेल्या १० टक्के लोकांचा धूर दुचाकीवरच्या ५० टक्क्यांइतका, आणि एकूण प्रवासाचा भार दिव्यांच्या बचतीच्या वीसपट. रोपाचं म्हणाल तर ते जगलं, तरी हे फेडायला त्याला कित्येक वर्षं लागतील.

ऑफसाइड

रोपाला थेट लाल कार्ड!

पंचगंगाकाठ

ताळेबंद यांचा हिशोब कोल्हापूरला लावून बघा, मजा येईल. शाहू स्टेडियम शहराच्या मध्यात, सामने दिवसा, तालमींचे (इथले फुटबॉल संघ तालमींचेच) समर्थक शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतून चालत येणारे. प्रकाशझोतही नको आणि मोटारही नको. युरोपातल्या कुठल्याही क्लबने हेवा करावा अशी रचना आपल्याकडे आधीच आहे. तिला हवामानाचं काम म्हणून कुणी मोजत नाही, एवढंच. मग उद्या कुणी उठून 'भव्य स्टेडियम शहराबाहेर बांधू' म्हणतो आणि आपण टाळ्या वाजवतो. शहराबाहेर नेलंत की चालत येणारे ते सगळे दुचाकीवर आले.

म्हणून माझ्या मते धाग्याच्या प्रश्नाला पहिलं उत्तर हे : जे आहे ते हलवू नका.

२०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या शहराला हवामानबदल म्हणजे काय हे फलकावरून सांगायची गरज नाही. तालमीकडे मात्र एक गोष्ट आहे जी सरकारी मोहिमेकडे नाही. तालमीतून निरोप गेला की पेठ ऐकते.

शंकासूर

@पंचगंगाकाठ, 'पेठ ऐकते' हे खरं, पण काय सांगितल्यावर ऐकते? इंग्लंडमध्ये प्लेजबॉल नावाचा उपक्रम आहे. समर्थक आपल्या क्लबच्या नावाने संकल्प नोंदवतात, प्रत्येक संकल्पाला वाचलेल्या कार्बनचे ठरावीक किलो, आणि त्यावरून क्लबांची क्रमवारी लागते. चुरस छान होते. पण नोंदवलेलं पाळलं का, हे सांगणारा तोच माणूस. आकडा फुगायला वेळ लागत नाही.

डावा_विंगर

चुरशीला कमी लेखू नका. तपासता येईल अशा गोष्टीची चुरस लावली की झालं. 'मी पाणी वाचवीन' याची नको. 'या सामन्याला कुठल्या तालमीचे किती टक्के समर्थक चालत किंवा बसने आले' याची लावा. दाराशी मोजता येतं.

खेळाडूंचाही वाटा आहे. नॉर्वेचा मॉर्टन थॉर्सबी याने इटलीतल्या सांपदोरियाकडून खेळताना पॅरिस कराराच्या २ अंशांची (तापमानवाढ त्याखाली ठेवायची) आठवण म्हणून २ क्रमांकाची जर्सी घेतली. मधल्या फळीतला खेळाडू २ नंबर का घालतो, हा प्रश्न दर आठवड्याला विचारला जायचा आणि उत्तर द्यायची संधी मिळायची. इंग्लंडच्या रेडिंग क्लबने २०२२-२३ च्या जर्सीच्या बाह्यांवर तापमानवाढीचे निळे-लाल पट्टे घेतले, तिथल्याच विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांनी काढलेले. उलट बाजूने २०२२ मध्ये पॅरिसहून नाँतला विमानाने का गेलात, असा प्रश्न आल्यावर पीएसजी (पॅरिस सेंट-जर्मेन) क्लबचे प्रशिक्षक आणि खेळाडू एम्बापे हसले. तिथे रेल्वेने दोन तास लागतात. ते हसणं जगभर पोचलं. खेळाडू लोकांवर परिणाम करतात, दोन्ही दिशांनी.

हरळी

जर्सीचा विषय निघालाच आहे तर : इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबने २०२१-२२ ची घरच्या सामन्यांची जर्सी मुद्दाम पुढच्या हंगामातही तीच ठेवली. आपल्याकडे प्रत्येक स्पर्धेला नवा पॉलिएस्टरचा गठ्ठा येतो, कारण छातीवर वर्ष आणि प्रायोजक छापलेला असतो. जर्सीवर फक्त तालमीचं नाव आणि नंबर छापा. प्रायोजकाची पट्टी वेगळी शिवा, टाके उसवून बदलता येते. उष्णतेने चिकटवलेली पट्टी काढताना कापड जळतं, ती नको.

आता मैदान. १०५ बाय ६८ मीटर म्हणजे ७१४० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर दिलंत तर जवळजवळ ३६ हजार लिटर, मोठे साडेतीन टँकर. आपल्या हरळीला रोजची गरजही नसते. दोन-तीन दिवसांनी भरपूर आणि पहाटे दिलं तर मुळं खोल जातात. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि बुटाच्या खिळ्यांनी ढेकूळ निघतं. गवत ३ सेंटिमीटरच्या खाली कापू नका, जमीन उघडी पडून पाणी लवकर उडतं.

मडगावकर

हरळी, कृत्रिम मैदानाबद्दलही लिहा. गल्लोगल्ली टर्फ झालीत.

हरळी

लिहिते. पूर्ण मापाच्या कृत्रिम मैदानात रबराचे दाणे साधारण १०० टन असतात. ४० बाय २० मीटरच्या छोट्या टर्फवर १० टनांच्या आसपास. ते बुटांतून, झाडूतून आणि पावसाच्या पाण्यातून बाहेर जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये असे दाणे विकण्यावर बंदी घातली, मैदानांना ऑक्टोबर २०३१ पर्यंत मुदत आहे.

पर्याय म्हणून बुचाचे, म्हणजे कॉर्क ओक झाडाच्या सालीचे दाणे सुचवतात. कोकणात ते चालणार नाहीत, कारण बूच तरंगतं आणि पहिल्या मुसळधार पावसात सगळं गटारात जातं. आहे ते टर्फ असेल तर भोवती वीतभर उंच कठडा, दाराशी ताठ ब्रशची चटई, आणि गटाराच्या तोंडाशी गाळ बसेल असा खड्डा व वर बारीक जाळी. जाळी पावसाळ्यात आठवड्याला साफ केली नाही तर टर्फवर तळं साचतं. मग राखणदार जाळीच काढून टाकतो. हे फार ठिकाणी होतं.

उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ६० अंशांवर जातो, हेही लक्षात घ्या.

हाफटाइम

उन्हाचं निघालं म्हणून. लोकांना हवामानबदल पटवायचा तर माझ्या मते सर्वांत थेट साधन म्हणजे मैदानावरचं तापमान मोजून फलकावर लिहिणं. साधं तापमान नव्हे, डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर). त्यात ओल्या फडक्याने मोजलेल्या तापमानाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० आणि सावलीतल्या हवेला १० टक्के. म्हणून किनाऱ्यावरचे दमट ३३ अंश हे विदर्भातल्या कोरड्या ३९ पेक्षा जास्त घातक ठरू शकतात. फिफाच्या जुन्या निकषानुसार ३२ वर पाण्याची विश्रांती मिळायची, तर खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो २८ च्या वर सामना पुढे ढकला म्हणते. हातात धरायचं यंत्र मिळतं. एप्रिलमध्ये दुपारी दोनच्या सामन्याला त्यावर आकडा किती येतो ते लोकांसमोर लिहा. वेळ बदलायची मागणी प्रेक्षकच करतील.

ब्रेमेनवासी

पाण्यावरून : जर्मनीत अनामत रकमेचे, परत द्यायचे पेले सगळीकडे असतात. आपल्याकडे स्टीलचे ग्लास ठेवता येतील?

पंचगंगाकाठ

स्टील नको! चुरशीच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावर ते मैदानात येतील. :) जाड पॉलिप्रॉपिलीनचे पेले बरे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीमुळे एकदा वापरून फेकायचे तसेही चालत नाहीत.

ताळेबंद

पेल्यांत खरी अडचण मध्यंतराची. २ हजार माणसं, १५ मिनिटं. एका नळावर मिनिटाला चौघे पाणी घेतात असं धरा. १० नळांवर १५ मिनिटांत ६०० जण. बाकीचे रांगेला कंटाळून बाहेर बाटली घेतात आणि आयोजक म्हणतात, 'लोकांना सवय नाही.' दोन्ही टोकांना नळ लावा आणि ते सामन्याआधी तासभर उघडा. उन्हाळ्यात माणशी एक लिटर, म्हणजे २० लिटरचे १०० जार. त्यापेक्षा एक स्वच्छ टँकर सोपा. अनामत परत द्यायची खिडकी प्रत्येक दाराशी हवी. एकाच दाराशी ठेवली तर शेवटच्या शिट्टीनंतर कुणी थांबत नाही, आणि पेले रस्त्यावर सापडतात.

शेवटची_शिट्टी

मूळ प्रश्नाकडे येतो. समजा तालुक्याच्या गावांतून प्रेक्षक आणायला स्पर्धेने बस ठेवल्या. ताळेबंद, हिशोब कसा बसतो?

ताळेबंद

जाऊन-येऊन ४० किलोमीटर, लिटरला ४, म्हणजे १० लिटर डिझेल, २७ किलो. तीन माणसांची मोटार त्याच अंतराला ६ किलो. तेव्हा बसने पाच मोटारी जरी रोखल्या तरी फायदा. पण बस प्रेक्षक सोडून रिकामी परत गेली आणि रात्री रिकामी आली, तर भार दुप्पट, ५४ किलो. डबलसीट दुचाकीला ४० किलोमीटरला २ किलो लागतात. म्हणजे रिकाम्या फेऱ्या मारणाऱ्या बसने ५२-५४ दुचाकीस्वार आणले तेव्हा कुठे बरोबरी! भरलेली बस आणि फायदा शून्य.

म्हणून बस मैदानाजवळच उभी करा आणि ज्या गावातून मोटारी जास्त येतात तिथेच पाठवा.

मडगावकर

आणि परतीची वेळ तिकिटावर छापा. 'सामना संपल्यावर' असं मोघम नको. पेनल्टी शूटआउट धरून वेळ द्या.

शंकासूर

कुठल्या गावातून मोटारी जास्त येतात, हे कसं कळणार?

डावा_विंगर

पहिल्या दोन सामन्यांना दाराशी दर पंधराव्या माणसाला तीन प्रश्न : कुठून, कशाने, किती जण एका गाडीत. ३ हजारांत २०० जण होतात, उत्तरात ७ टक्के इकडे-तिकडे, आपल्या कामाला पुरे. दर पंधरावाच धरा. ओळखीचे चेहरे बघून विचारलं की सगळे चालतच आलेले निघतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत विचारा, उशिरा येणारे बहुधा लांबचे असतात.

शंकासूर

हे पटलं. फिफाबद्दलचं माझं मत तसंच आहे, पण हे मोजता येणारं काम आहे. निकाल इथे टाका, म्हणजे ३ हजारांचा तो उदाहरणादाखलचा आकडा खऱ्या आकड्याने बदलता येईल.

शेवटची_शिट्टी

टाकतो. रोपांच्या पैशांत दोन बसचं डिझेल बसतंय. हाफटाइम, ते यंत्र साधारण कितीला मिळतं आणि काळा गोळा त्यातच असतो का?

हाफटाइम

गोळा असलेलंच घ्या. नुसतं तापमान-आर्द्रता दाखवणारी स्वस्त यंत्रं डब्ल्यूबीजीटीचा अंदाज बांधतात, आणि त्यात उन्हाचा भाग सुटतो. किंमत विक्रेत्यागणिक बरीच बदलते, दोन-तीन ठिकाणी विचारा. मैदानाच्या कडेला, उन्हात, छातीच्या उंचीवर ठेवा, हातात धरू नका. गोळा स्थिर व्हायला १० मिनिटं द्या.